तसबीर कोणाची? सही नसलेल्या काचचित्रांचा कर्ता शोधताना

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या श्रोत्यांकडून एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत आमच्याकडे येत असतो. घरी किंवा गावच्या देवळात काचेवर रंगवलेली जुनी तसबीर आहे, सही कुठेच नाही, तर ही कोणी केली असेल? त्याच्या मागोमाग दुसरा प्रश्न येतो आणि तो जास्त निकडीचा असतो. वाडा उतरवतोय, घेणारा दारात उभा आहे, देऊन टाकू का? आज पहिल्या प्रश्नावर बोलायचं आहे, पण दुसऱ्यावर डोळा ठेवून. कारण वाडा एकदा उतरला आणि तसबीर भिंतीवरून निघून कुणाच्या तरी गाडीत गेली, की पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच संपतं.

आधी वस्तू कोणती ते नीट समजून घेऊ. ही रंगीत काचेची खिडकी नव्हे. हे काचेच्या पाठीवर रंगवलेलं चित्र आहे. आपण समोरून बघतो ती काचेची कोरी बाजू असते, रंग पलीकडून दिलेला असतो. त्यामुळे कामाचा सगळा क्रमच उलटा होतो. कागदावर किंवा भिंतीवर चितारी आधी पार्श्वभूमी भरतो, मग अंगाचा रंग, मग कपडे आणि शेवटी डोळ्यांतली बाहुली, नथीतला मोती, कपाळाचं गंध. काचेवर मोती पहिला. मग नथ, मग ओठ, मग चेहऱ्याचा रंग, मग पदर आणि सगळ्यात शेवटी पडदा नाहीतर आकाश. पहिली रेघ चुकली की ती कायमची चुकली, वरून रंग देऊन झाकता येत नाही, कारण ‘वर’ म्हणजे मागे. पुसून पुन्हा सुरुवात करणं एवढाच मार्ग.

आता सहीचा विचार करा. अशा चित्रावर समोरून दिसेल अशी सही करायची तर ती सगळ्यात आधी करावी लागेल, चित्र जन्माला येण्यापूर्वी, आणि तीही आरशातल्यासारख्या उलट्या अक्षरांत. चित्र पूर्ण झालं, मनासारखं उतरलं, आता नाव घालू, ही सोयच इथे नाही. म्हणून काचचित्रावर सही नसण्याचा अर्थ लावताना जरा सबुरीने घ्यावं. ‘आपले जुने कारागीर निःस्वार्थी, त्यांना नावाची हाव नव्हती’ हे वाक्य व्याख्यानांतून फार ऐकू येतं. आम्हाला ते पटत नाही. याच सह्याद्रीत, कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यात, कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं असं दगडात कोरलेलं आहे. पितळखोऱ्याच्या यक्षाच्या हातावर ती मूर्ती घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराचं नाव आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी, जिथे सोय होती आणि परवानगी होती तिथे, माणसांनी नाव घातलं. नाव नको होतं असं कोणी ठरवलं? बहुतेक वेळा ते विचारलं गेलं नाही एवढंच.

संग्रहालयांतून, प्रदर्शनांतून, लिलावाच्या याद्यांतून अशा तसबिरींखाली जी पाटी लागते ती साधारण ठरलेली असते : ‘अज्ञात कलाकार, चिनी शैली, पेशवेकालीन’. या तीन शब्दजोड्यांशी आजचं आमचं भांडण आहे. प्रत्येकीत थोडं खरं असतं, आणि तेवढ्यावर आपण समाधान मानतो.

गावात विचारलंत तर उत्तर वेगळं मिळतं. ‘ही नानांची तसबीर.’ आंबेगावच्या बाजूला नाना म्हणजे नाना फडणीस. भीमाशंकराच्या देवळाचं शिखर त्यांनी बांधलं, त्यामुळे त्या रस्त्यावरच्या कुठल्याही जुन्या वाड्यातली कुठलीही बरी वस्तू नानांपर्यंत नेऊन पोचवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. पण ‘नानांची’ म्हणजे काय? नानांच्या मालकीची? नानांनी दिलेली? नानांच्या काळातली? की जिच्यात नाना रंगवलेले आहेत ती? आपल्या भाषेतला हा ‘चा-ची-चे’ फार सोशीक प्रत्यय आहे. मालक, दाता, कर्ता आणि विषय, चौघांनाही तो एकाच घरात राहू देतो. ‘रविवर्म्याची लक्ष्मी’ म्हटलं की आपण करणाऱ्याचं नाव घेतो, ‘शेजाऱ्यांची लक्ष्मी’ म्हटलं की मालकाचं, आणि दोन्ही वाक्यं ऐकायला सारखीच लागतात.

भीमाशंकरलाच बघा. शनिमंदिरासमोर दोन खांबांमध्ये जी मोठी घंटा टांगली आहे ती ‘चिमाजी अप्पांची घंटा’. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर तिथून आलेली. घंटेवर मेरीची प्रतिमा आहे, ख्रिस्ती सनाचा आकडा आहे. म्हणजे ती कुठल्या परंपरेत ओतली गेली ते ती स्वतःच सांगते. तरीही तोंडातोंडी नाव राहिलं ते आणणाऱ्याचं, ओतणाऱ्याचं नाही. त्यात गैर काही नाही, गावाच्या दृष्टीने आणणारा जास्त महत्त्वाचा होता. फक्त आपण कर्ता शोधायला बसलो आहोत, तर हा ‘ची’ कोणता ते आधी सोडवलं पाहिजे.

जुन्नरकरांना हे खरं म्हणजे आम्ही सांगायला नको. जुन्नरच्या भोवती दोनशेहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतल्या शिलालेखांत नावं भरपूर आहेत. इरिल, चिट, चंद अशी यवन दात्यांची नावं आहेत. कुणी पाण्याची टाकी दिली, कुणी भोजनमंडप. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने लेणं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणीचाही उल्लेख येतो, पण तो त्यांच्याकडे ठेवीची रक्कम सोपवल्याबद्दल. ज्यांनी छिन्नी धरली ते कुठे आहेत? दात्याची षष्ठी दगडात राहिली, कर्त्याची तृतीया राहिली नाही. नाणेघाटात तर आणखी विलक्षण प्रकार झाला आहे. सातवाहन राजा-राणींच्या मूर्ती नष्ट झाल्या, पावलांच्या खुणांपलीकडे काही उरलं नाही, आणि मूर्तींच्या डोक्यावर कोरलेली नावं मात्र शाबूत आहेत. तिथे नाव आहे, चित्र नाही. आपल्या तसबिरींचं बरोबर उलटं : चित्र आहे, नाव नाही.

आता पाटीवरचा ‘चिनी’ हा शब्द घेऊ, कारण खरी गंमत आणि खरी फसगत तिथे आहे.

अठराव्या शतकात चीनमधल्या कँटन बंदरात, म्हणजे आजच्या ग्वांगझूमध्ये, काचेच्या पाठीवर रंगवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. परदेशी व्यापारी नमुना देत, तिथले रंगारी तो काचेवर उतरवून देत. काच बहुतेकदा युरोपातून आलेली असे. आरसा असेल तर मागचा पारा हवा तेवढा खरवडून तिथे आकृती रंगवायची आणि उरलेला आरसा आकाश म्हणून तसाच सोडायचा, ही त्यांची खास हातोटी. हा माल सुरत-मुंबईकडे आला, पारशी व्यापाऱ्यांच्या घरांत शिरला, संस्थानिकांच्या दिवाणखान्यांत पोचला. काही चिनी रंगारी कच्छ, सातारा अशा दरबारांत राहून काम करत होते असंही अभ्यासक मानतात. जया अप्पासामी यांचं भारतीय काचचित्रांवरचं १९८० चं पुस्तक आणि त्यानंतर ॲना दलापिकोला यांचं २०१७ चं पुस्तक, या दोन अभ्यासांनी या चित्रांना ‘बाजारू सजावट’ या रकान्यातून बाहेर काढलं, हे कृतज्ञतेनं सांगायला हवं.

पण ‘चिनी’ हा आपल्याकडे जातिवाचक शब्द कमी आणि मालवाचक शब्द जास्त आहे. कपबशी इंग्लंडहून आली तरी ती चिनी मातीचीच. तसंच या तसबिरींचं झालं. चेहऱ्यावर मऊ छाया दिसली, मागे जरा तळं-डोंगर दिसले, खुर्चीवर बसलेली बाई दिसली, की लिहा चिनी. मुंबईच्या, गुजरातेतल्या, आपल्या चिताऱ्यांनी ही रीत उचलली, तिच्यात स्वतःचे देव आणले, स्वतःची माणसं आणली. दक्षिणेत तंजावरला, म्हणजे दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७९८ ते १८३२) मराठी दरबाराच्या छायेत, काचचित्रांची एक निराळीच तऱ्हा वाढली, गुबगुबीत बाळकृष्णाची आणि सोनेरी वर्खाची. एखाद्या घराण्याचा तिकडे संबंध असेल तर ती तसबीर जुन्नरच्या देवघरातही येऊन बसू शकते.

एक तसबीर कल्पनेने उघडून बघा. काच युरोपातली. रंगकाम कँटनचं, नाहीतर मुंबईचं. चौकट सागवानी, जुन्नरच्या सुताराने इथल्या मापाने केलेली. पाठीला फळी, आणि फळीच्या आत दमट हवा लागू नये म्हणून चिकटवलेला कागद. जुन्नरचे कागदी प्रसिद्ध होते, जुन्नरी कागद पेशवाईच्या दफ्तरांत चालत असे. तेव्हा पाठीचा कागद जुन्नरी निघाला की घरातले लोक आनंदाने म्हणतात, बघा, चित्र जुन्नरचंच! अहो, कागद जुन्नरचा आहे. चौकट इथे बसवली, किंवा कधीतरी दुरुस्त केली, एवढंच तो कागद सांगतो. ‘केसरी’चा तुकडा निघाला तर तसबीर १८८१ नंतर एकदा उघडली गेली इतकं नक्की कळतं. ती तेव्हा रंगवली असं मुळीच नाही. तर मग अशा वस्तूचा कर्ता कोण? चार जण, निदान.

रंगाऱ्याच्या बाजूला सुद्धा एकच हात नसतो. जिथे धंदा मोठा होता तिथे खाका एकाने काढायचा, चेहरे उस्तादाने करायचे, कपडे आणि पडदे शिकाऊ पोरांनी भरायचे, अशी वाटणी कारखान्यात सोयीचीच पडते. एकच खाका शंभरदा उतरतो. अमेरिकेत एक प्रकरण झालं होतं. गिल्बर्ट स्टुअर्ट या चित्रकाराने केलेलं जॉर्ज वॉशिंग्टनचं व्यक्तिचित्र एका व्यापाऱ्याने कँटनला नेलं आणि काचेवर त्याच्या शंभरेक प्रती करवून आणल्या. स्टुअर्टने १८०२ मध्ये फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. आम्हाला या गोष्टीत रस आहे तो पुढच्या मुद्द्यासाठी. मूळ चित्रकाराचं नाव न्यायालयाच्या कागदात आहे, व्यापाऱ्याचं आहे. ज्यांनी शंभर काचा उलट्या क्रमाने रंगवल्या त्यांच्यासाठी त्या कागदात रकानाच नव्हता.

आणि रकाना असला की नाव टिकतं, हेही तितकंच खरं. पुण्यात १७९० च्या दशकात इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटने जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराला आणलं, शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली, आणि तिथल्या एका मराठी चित्रकाराचं नाव आज जगाला माहीत आहे : गंगाराम चिंतामण तांबट. वेरूळ-कार्ल्याच्या लेण्यांची त्याची रेखाटनं आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. तो त्याच्या पिढीतला एकटाच हुशार होता म्हणून त्याचं नाव राहिलं का? त्याच्याकडून काम घेणाऱ्याला कागदावर नोंद ठेवायची सवय होती म्हणून राहिलं. त्याच पुण्यात, त्याच वर्षांत, काचेवर बारीक कुंचला चालवणाऱ्याची नोंद बहुधा ‘तसबिरीबद्दल रुपये’ अशा ओळीत विरघळून गेली असेल.

असो. नाव मिळत नाही म्हणून हात ओळखता येत नाही असं नाही. इथे आम्ही थोडं रेंगाळणार आहोत, कारण काचचित्रात हात ओळखण्याची एक अशी सोय आहे जी दुसऱ्या कुठल्याच चित्रात नाही.

एकोणिसाव्या शतकात इटलीत ज्योवानी मोरेल्ली नावाचा गृहस्थ होऊन गेला. वैद्यकशास्त्र शिकलेला. तो म्हणे, चित्रकार ओळखायचा तर चेहऱ्याचा भाव बघू नका, तो नकलाकारही उतरवतो. कानाची पाळी बघा, नखं बघा. जिथे लक्ष नसतं तिथे हात आपल्या सवयीने चालतो. काचेच्या तसबिरीत हाच नियम दुहेरी लागू पडतो. समोरून दिसतात त्या पहिल्या रेघा, दुरुस्तीविना, एका दमात काढलेल्या. पापणीची रेघ कुठे जाड होते, बोटाचं टोक टोकदार की बोथट, मोत्यांच्या सरीत दोन मोत्यांमध्ये किती जागा, हे सगळं उस्तादाचं अक्षर आहे असं समजा. आणि फळी काढून मागून पाहिलं की दिसतात ते भरणाऱ्याचे फटकारे : रंग कुठे पातळ केला, कडेला कुंचला कुठे फिरवला, घाईत बोट कुठे उमटलं. एकाच चित्रात दोन्ही हात, दोन बाजूंनी वाचता येतात. असं असताना आपल्याकडच्या बहुतेक प्रकाशित काचचित्रांची फक्त समोरची छायाचित्रं छापली जातात, याला काय म्हणावं? पोथीची डावीकडचीच पानं छापण्यासारखं आहे ते.

दुसरी खूण म्हणजे डावं-उजवं. छापील चित्र काचेखाली ठेवून त्यावरून गिरवलं आणि काच उलटवली, की चित्र आरशातलं होतं. जाणता कारागीर खाका आधीच उलटा करून घेतो. नवखा किंवा घाईतला विसरतो. मग रामपंचायतनात सीता रामाच्या उजवीकडे जाऊन बसते, जी वामांगी असायला हवी. बाळकृष्णाची मुरली डाव्या बाजूला वळते. सरदाराची तलवार उजव्या कमरेला लटकते, म्हणजे बिचाऱ्याने ती उपसायची कशी! आणि गणपतीची सोंड उजवीकडे जाते. ही शेवटची गोष्ट लेण्याद्री-ओझरच्या परिसरात हलकी नाही. उजव्या सोंडेचा म्हणजे सिद्धटेकासारखा, कडक, सोवळ्याचा. अशी तसबीर घरात आहे म्हणून दोन पिढ्या धास्तीत काढलेली घरं असू शकतात. त्यांनी आधी बाकीचं चित्र बघावं. मोदक कुठल्या हातात, जानवं कुठल्या खांद्यावरून, उंदीर कुणीकडे. सगळंच उलटं असेल तर तो देव कडक नाही, खाका उलटा पडला आहे. अशी चूक ज्याची होते तो छापील चित्रावरून गिरवणारा, पाठांतराने काढणारा नव्हे. एवढ्यावरून तो चिनी होता म्हणू नये, घाई आपल्याकडेही भरपूर आहे.

छापील चित्राचा उल्लेख आला म्हणून ‘पेशवेकालीन’ या शब्दाकडे वळू. यापुढचं काम थोडं रोखठोक आहे. पुण्यात चित्रशाळा छापखाना विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये काढला. तिथलं रामपंचायतन घरोघर गेलं. राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तुमच्या तसबिरीतली लक्ष्मी जर रविवर्म्याच्या लक्ष्मीशी घडी-घडी जुळत असेल, तर ती १८९४ च्या आधीची असणं फार अवघड. मग वाडा कितीही जुना असो. वाड्याचं वय तसबिरीला देणं ही आमच्या मते सगळ्यात मोठी चूक आहे, आणि ती घरचे लोक करतात तितकीच लिहिणारेही करतात. जुन्नरात तर शिवनेरीच्या सावलीमुळे ‘शिवकालीन’पर्यंत मजल जाते. काचचित्रांची लाट आपल्याकडे आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तेव्हा शिवकाळाचं नाव इथे काढायचंच नको.

रंगही बोलतात. टवटवीत, जरा विषारी वाटणारा तांबे-आर्सेनिकचा हिरवा, ज्याला एमराल्ड ग्रीन म्हणतात, तो १८१४ मध्ये जर्मनीत बाजारात आला. कारखान्यात बनलेला कृत्रिम अल्ट्रामरीन निळा १८२८ नंतरचा. टायटॅनियमचा पांढरा १९२० च्या सुमाराचा. क्ष-किरणांनी रंगातली मूलद्रव्यं ओळखणारं हातात मावणारं यंत्र आता मिळतं, तसबीर न खरवडता तपासता येते. पण यंत्र मागून लावलं तर ते शेवटचा थर आधी वाचणार. तो जर नंतरच्या कुणी दिला असेल तर यंत्र दुरुस्ती करणाऱ्याचंच वय सांगेल. आरसा असेल तर पारा बघावा. जुना आरसा कथील आणि पाऱ्याच्या मिश्रणाचा, तर चांदीचा मुलामा देण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर पसरली. ‘पारा उडालाय’ म्हणून आपण जो आरसा टाकून देतो, तो उडालेला पारा हाच कधीकधी एकमेव पुरावा असतो.

मग ‘अज्ञात कलाकार’ हे तरी बरोबर आहे का? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलात तर बिननावाच्या हातांनी केलेल्या हजारो वस्तू दिसतील. अडकित्ते, दिवे, दारं आणि काचचित्रंसुद्धा. दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास ही जमवाजमव सुरू केली, १९७५ मध्ये संग्रह शासनाला दिला. ते कवी होते आणि त्यांचं टोपणनाव होतं ‘अज्ञातवासी’. हा शब्द आम्हाला पाटीवरच्या ‘अज्ञात’पेक्षा फार बरा वाटतो. अज्ञात म्हणजे जो कळणार नाही असा. अज्ञातवासी म्हणजे जो लपलेला आहे, पण त्याच्या करणीवरून हुडकता येईल असा. विराटाच्या घरी पांडव होते हे दुर्योधनाला कशावरून कळलं? कुणी नाव सांगितलं नाही. कीचक ज्या तऱ्हेने मारला गेला, ती तऱ्हा भीमाची होती.

हात शोधायचे ते असे. पंधरा तसबिरी एकत्र ठेवल्या, त्यांतल्या चारांत पापणीची रेघ, मोत्यांची सर आणि मागचे फटकारे जुळले, की एक माणूस, किंवा एक कारखाना, उभा राहिला. त्याला तात्पुरतं नाव द्यायचं, कामापुरतं. युरोपात हीच पद्धत आहे. अमुक गावच्या वेदीचा उस्ताद, तमुक पोथीचा उस्ताद, अशी नावं अभ्यासकांनी दिली आणि पुढे काहींची खरी नावं दफ्तरांत सापडली, काहींची नाही. पण त्यासाठी चार तसबिरी जुळायला हव्यात. आणि त्या जुळवायच्या तर कुठली कुठे टांगलेली होती, कुठल्या घरातून आली, जोडीला कुठली होती, हे ठाऊक हवं. घेणारा ती उचलतो तेव्हा पहिलं काम करतो ते जुनी फळी आणि खिळे फेकून देण्याचं, कारण नवी चौकट बाजारात शोभते. दुसरं काम करतो ते झडलेला रंग भरून घेण्याचं. या दोन कामांनंतर मागचा हात गेला, समोरचा हात अर्धा गेला आणि गावाचं नाव तर गाडी निघतानाच गेलं. ‘अहो, ही चिनी बाजारू वस्तू, सही नाही, काही नाही’ असं म्हणून त्याने भाव पाडलेला असतो. तीच वस्तू पुढच्या दुकानात ‘पेशवे दरबार’ होते. पाटीवरच्या शब्दांना आम्ही इतका वेळ नाकं मुरडतोय ती उगाच नाही. त्या शब्दांवर पैसे फिरतात.

विकूच नका असं आम्ही म्हणणार नाही. वाडा सांभाळणं किती जड असतं ते सांभाळणाऱ्यालाच माहीत. १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या केंद्रीय कायद्याने शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करणाऱ्याला परवाना लागतो. समोरच्याला तो दाखवायला सांगा, त्यात संकोच कसला. आणि द्यायच्या आधी, तसबीर भिंतीवर असतानाच तिचा फोटो घ्या, शेजारच्या कोनाड्यासकट. मग खाली उतरवून पाठीचा घ्या. फळी स्वतः उचकटायला जाऊ नका. रंग काचेला घट्ट धरून नसतो, पापुद्र्यासारखा येतो. ओल्या फडक्याने पुसायचं ते फक्त समोरून, तेही हलक्या हाताने, आणि पाणी चौकटीत उतरणार नाही असं. घरातल्या आजीला विचारा ही कुठून आली, आणि तिने सांगितलेलं ‘आमच्या सासूबाईंच्या माहेरची’ हे वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवा. त्यातला ‘ची’ निदान कोणाचा ते स्पष्ट आहे.

तर समजा घोडेगावातल्या एखाद्या वाड्यातलं, छापील चित्राशी जुळणारं, सीता उजवीकडे बसलेलं असं एक पंचायतन आहे. त्याची पाटी आम्हाला लिहायला सांगितली, तर आम्ही अशी लिहू : ‘रामपंचायतन, काचेच्या पाठीवर रंगकाम. खाका छापील चित्रावरून, उलटा पडलेला, म्हणून बहुधा १८७८ नंतरचे. चेहरे एका हाताचे, वस्त्रे व पडदा दुसऱ्या. चौकट सागवानी, स्थानिक. पाठीस जुना कागद, चौकट बसवताना किंवा दुरुस्तीच्या वेळी लावलेला. घोडेगाव येथे माजघराच्या पूर्व भिंतीवर होते. कर्ता : उलट्या पंचायतनाचा चितारी.’ आणि त्याखाली दोन बोटं जागा कोरी सोडू. याच हाताची दुसरी तसबीर ओतूरला, मंचरला, कुठेही दिसली, की तिचं गाव तिथे लिहायचं.